‘टीव्हीचा परिणाम’ असं शीर्षक देण्याआधी

पेट पास झालात, मुलाखतीची तारीख जवळ आली आणि विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. अशा वेळी शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास आठवणारा एक विषय आहे : ‘माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांवर दूरदर्शन पाहण्याचा होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. गावाचं किंवा तालुक्याचं नाव बदलून हाच विषय जुन्या प्रबंधांच्या कपाटात तुम्हाला कितीतरी वेळा भेटेल. मार्गदर्शकांना सांगून बघा. बहुतेक जण म्हणतील, “पुन्हा टीव्ही?”

मला हा विषय अजिबात वाईट वाटत नाही. संशोधन पद्धती समजून घ्यायला याच्याइतका सोयीचा विषय सापडणं कठीण आहे. साठ-सत्तर वर्षं हुशार माणसांनी याच्यावर डोकं आपटलंय आणि प्रत्येकानं काढलेली पळवाट आपल्याला बघायला मिळते. अडचण आहे ती शीर्षकातल्या दोन शब्दांची. एक ‘माध्यमिक’, दुसरा ‘परिणाम’.

पहिला शब्द लवकर निपटू. परदेशी लेखांत ‘मिडल स्कूल’ दिसलं की आपण बिनधास्त ‘माध्यमिक’ लिहून मोकळे होतो. पण आपल्याकडे माध्यमिक म्हणजे नववी-दहावी. मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर या वर्गांसाठी आपला शब्द आहे उच्च प्राथमिक. अकरा ते चौदा वर्षांची मुलं. हा भाषेचा कीस नाही. शीर्षकात माध्यमिक लिहून न्यादर्श सातवीचा घेतलात, तर समितीतला पहिलाच प्रश्न तिथं येतो.

आता दुसरा शब्द, ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय.

नेहमीचा आराखडा काय असतो? दोन-चार शाळा, शंभर विद्यार्थी, एक प्रश्नावली. ‘तू रोज किती तास टीव्ही पाहतोस?’ आणि शेजारी वार्षिक परीक्षेचे गुण. मग सहसंबंध गुणक काढायचा, किंवा जास्त पाहणारे आणि कमी पाहणारे असे गट करून टी-परीक्षिका लावायची. शून्य परिकल्पना त्याज्य ठरली की निष्कर्ष तयार : ‘टीव्ही पाहण्याचा शैक्षणिक संपादणुकीवर प्रतिकूल परिणाम होतो.’ त्याखाली शिफारशी. पालकांनी टीव्हीवर नियंत्रण ठेवावे, वगैरे.

यातली आकडेमोड बरोबर असू शकते. वाक्य मात्र चूक आहे. त्या आकड्यांनी एवढंच दाखवलं की दोन गोष्टी एकत्र आढळतात. टीव्हीमुळे गुण कमी झाले, हे त्यात कुठंच नाही.

“शब्दाचा एवढा काय बाऊ करायचा?” असं वाटत असेल तर एका मुलीचा विचार करा. सातवीत आहे, पण मराठीचा धडा अजून अडखळत वाचते. गणिताचं शाब्दिक उदाहरण तिला वाचताच येत नाही, सोडवणं लांबच. दप्तर उघडलं की अपमान, टीव्ही लावला की सुटका. म्हणून ती तीन तास टीव्ही बघते. तुमच्या तक्त्यात ती ‘जास्त पाहणारी, कमी गुण’ अशी नोंदली जाईल. तुमचा निष्कर्ष पुढे एखाद्या चर्चासत्राच्या पुस्तकात छापून येईल, कुणी शिक्षक तो पालकसभेत सांगतील आणि घरी केबल बंद होईल. वाचन मात्र तिथंच. आठवीपर्यंतचं वर्ष-दीड वर्ष, ज्यात कुणीतरी तिला वाचायला शिकवू शकलं असतं, ते चुकीच्या औषधात जाईल. कारण उलटं लावलं की उपायही उलटा लागतो.

शिवाय तिसरा खेळाडू असतोच. एकाच खोलीचं घर, आई-वडील दोघंही कामावर, आसपास मैदान नाही, शिकवणी परवडत नाही. अशा घरात टीव्ही जास्त चालतो आणि गुणही कमी पडतात, दोन्ही एकाच कारणानं. आपल्या पुस्तकात याला मध्यस्थ चल, बाह्य चल अशी निरनिराळी नावं दिलेली असतात. नाव कुठलंही घ्या, पण ते फक्त ‘संशोधनाच्या मर्यादा’ या प्रकरणात एका ओळीत उरकू नका.

मग टीव्ही आणि गुण यांच्यातला संबंध प्रत्यक्षात किती मोठा निघतो? १९८२ मध्ये विल्यम्स, हेर्टेल, हेर्टेल आणि वॉलबर्ग यांनी तोवर झालेली २३ संशोधनं एकत्र करून बघितली. एकूण सहसंबंध निघाला साधारण उणे ०.०५. याचा वर्ग करा : ०.००२५. म्हणजे मुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला पाव टक्का टीव्हीच्या तासांशी जुळतो. बाकी पावणेशंभर टक्के दुसरीकडं कुठंतरी आहे.

सार्थकतेचा घोळ इथंच समजून घ्या. शंभर मुलांचा न्यादर्श असेल तर ०.०५ स्तरावर सार्थक ठरायला सहसंबंध जवळजवळ ०.२० असावा लागतो. दोन हजार मुलं घेतलीत तर ०.०४४ देखील सार्थक ठरतो. म्हणजे ‘सार्थक’ हा शब्द परिणामाच्या आकाराबद्दल काहीच बोलत नाही, तो तुमच्या न्यादर्शाच्या आकाराबद्दलही बोलत असतो. आणि शंभर मुलांत तुम्हाला उणे ०.४ आला, तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी : जगभरात जे एवढंसं दिसलं, ते माझ्याच तालुक्यात एवढं मोठं कसं? बहुधा घरची परिस्थिती त्या आकड्यात शिरून बसलेली असते.

त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती, जी आपल्याकडे फारशी उद्धृत होत नाही. संबंध सरळ रेषेत नव्हता. आठवड्याला दहा तासांपर्यंत टीव्ही पाहणाऱ्यांत तो किंचित अनुकूल होता, त्यापुढं पस्तीस-चाळीस तासांपर्यंत प्रतिकूल होत गेला आणि मग फारसा बदलला नाही. पिअर्सनचा गुणक सरळ रेषाच मोजतो. वाकलेला संबंध त्याला दिसत नाही. म्हणून गुणक काढण्याआधी विकिरण आलेख काढा. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न करणाऱ्यांची संख्या बघून मला खरंच नवल वाटतं.

बरं, मग परिणाम शोधायचाच असेल तर? सगळ्यात सोपं उत्तर आहे प्रयोग. काही मुलांना टीव्ही द्यायचा, काहींना नाही, आणि थांबायचं. हे कुणी करू देणार नाही. म्हणून संशोधकांनी अशी ठिकाणं शोधली जिथं जगानंच हा प्रयोग करून ठेवला होता.

पहिलं मोठं उदाहरण इंग्लंडचं. हिल्डे हिमेलवाइट आणि त्यांच्या दोन सहकारी, ओपेनहाइम आणि व्हिन्स, यांचं ‘टेलिव्हिजन अँड द चाइल्ड’ हे पुस्तक १९५८ मध्ये आलं. नॉरिच शहरात टीव्हीचं प्रक्षेपण तेव्हा सुरू व्हायचं होतं. या मंडळींनी प्रक्षेपणाच्या आधीच मुलांची माहिती घेऊन ठेवली, आणि घराघरात संच आल्यावर पुन्हा घेतली. ज्या घरांनी टीव्ही घेतला आणि ज्यांनी नाही घेतला, त्यांच्या मुलांतले काही फरक टीव्ही येण्याआधीपासूनच होते, हे त्यामुळंच कळलं. फक्त नंतरची माहिती घेतली असती तर तेच फरक टीव्हीच्या खात्यावर जमा झाले असते. तुमची शंभर मुलांची प्रश्नावली म्हणजे फक्त ‘नंतरची’ माहिती आहे, हे इथं लक्षात घ्या.

माझं आवडतं उदाहरण कॅनडातलं आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक छोटं गाव होतं, डोंगरांमुळं तिथं टीव्हीचे संकेत पोचायचे नाहीत. गावकऱ्यांना टीव्ही नको होता असं नाही, तो लागतच नव्हता. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण टीव्ही ‘न निवडणारी’ माणसं मुळात वेगळी असतात आणि इथं निवडीचा प्रश्नच नव्हता. १९७३ मध्ये तिथं टीव्ही येणार असं कळल्यावर टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या गटानं घाईघाईनं आधीची मोजमापं घेतली. तुलनेला दोन गावं : एकात एकच वाहिनी दिसायची, दुसऱ्यात अमेरिकेच्या वाहिन्याही. गावांची खरी नावं लपवून त्यांनी टोपणनावं दिली : नोटेल, युनिटेल, मल्टिटेल. दोन वर्षांनी पुन्हा मोजमापं घेतली. १९८६ मध्ये हे सगळं पुस्तकरूपानं आलं.

काय दिसलं? नोटेलमधल्या लहान मुलांची मैदानावरची मारामारी आणि शिवीगाळ दोन वर्षांत वाढली, बाकी दोन गावांत तशी वाढली नाही. सर्जनशील विचाराच्या चाचणीत नोटेलची मुलं आधी पुढं होती, टीव्ही आल्यावर ती बाकीच्यांच्या पातळीवर आली. मोठ्या माणसांचं गावातल्या कार्यक्रमांना जाणंही कमी झालं.

इथं ‘परिणाम’ हा शब्द वापरायचा अधिकार त्यांनी बऱ्यापैकी कमावलाय. बऱ्यापैकी म्हणतो, कारण गाव एकच होतं. त्या दोन वर्षांत त्याच गावात आणखी काही घडलं असेल तर ते टीव्हीपासून वेगळं काढता येत नाही. आणि उलट चित्रही आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आला. टोनी चार्लटन यांच्या गटानं तिथल्या लहान मुलांचं शाळेच्या मैदानावरचं वागणं आधी आणि नंतर चित्रित केलं, तर वागणं बिघडल्याचं फारसं दिसलं नाही. एकमेकांना ओळखणारी, मुलांवर लक्ष ठेवणारी वस्ती हे त्याचं एक कारण त्यांनी मांडलं. दोन्ही संशोधनं चांगली आहेत. साहित्याच्या आढाव्यात मात्र आपण सोयीचं तेवढं एकच घेतो.

अर्थशास्त्रज्ञांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शपिरो यांचा २००८चा लेख जरूर वाचा, गणित समजलं नाही तरी प्रस्तावना वाचा. अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात नवीन टीव्ही केंद्रांना परवाने देणं सरकारनं थांबवलं होतं. त्यामुळं काही शहरांना टीव्ही लवकर मिळाला, काहींना काही वर्षं उशिरा. तिथल्या मुलांच्या हुशारीशी या उशिराचा काही संबंध नव्हता. पुढं १९६५ मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांच्या चाचण्यांचं एक प्रचंड सर्वेक्षण झालं, कोलमन अहवालाचं. या दोघांनी सहावी आणि नववीतल्या मुलांचे तिथले गुण घेतले आणि विचारलं : शाळेत जाण्याआधी ज्यांच्या शहरात टीव्ही होता, त्यांचे गुण कमी आहेत का? नव्हते. एका जादा वर्षाच्या टीव्हीमागं गुण सरासरी ०.०२ प्रमाण विचलनानं वाढलेलेच दिसले. शंभरच्या परीक्षेत प्रमाण विचलन १५ धरलं तर हा फरक ०.३ गुणांचा, म्हणजे नसल्यासारखाच. पण ज्या घरांत इंग्रजी ही मुख्य भाषा नव्हती किंवा आईचं शिक्षण कमी होतं, तिथं फायदा जास्त होता.

यावरून ‘टीव्ही चांगला’ असं लिहायला धावू नका. तो पन्नासच्या दशकातला टीव्ही होता, मुलं शाळापूर्व वयाची होती. पण घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. टीव्हीचा तास नेहमी कुठल्यातरी दुसऱ्या तासाच्या जागी येतो. ज्या घरात त्या वेळात गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं जात होतं तिथं नुकसान, आणि ज्या घरात त्या वेळात काहीच नव्हतं तिथं तोच टीव्ही नवी भाषा कानावर पाडतो. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांना खातात.

आपल्याकडंही असं काम झालंय. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेला ‘साइट’ प्रयोग तुम्ही नेटच्या अभ्यासात पाठ केला असेल : सहा राज्यं, सुमारे २४०० गावं, उपग्रहावरून थेट कार्यक्रम, सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता. तिथं ‘टीव्ही पाहणं’ म्हणजे गावात एकच संच आणि समोर अख्खी वस्ती, हे विसरून ते निष्कर्ष आजच्या सातवीतल्या मुलाला लावू नका.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९चा अभ्यास तर आपल्या शेजारचाच म्हणता येईल. २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि गोव्यातल्या १८० खेड्यांत दरवर्षी तीच घरं पुन्हा गाठून माहिती घेतली गेली. मधल्या काळात २१ गावांत पहिल्यांदा केबल आली. त्या गावांची तुलना बाकीच्यांशी. मुख्य निष्कर्ष बायकांबद्दल होते : नवऱ्यानं मारणं मान्य असण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. आणि लहान मुलांची शाळेतली नोंदणी वाढली. टीव्हीचा मुलांवरचा परिणाम आईच्या मार्गानं येऊ शकतो, ही शक्यता आपल्या प्रश्नावलीत कुठं असते का?

आता सहावी ते आठवीच्याच मुलांवर झालेला, आणि खरोखर प्रयोग म्हणता येईल असा अभ्यास. स्टीव्हन गोर्टमेकर यांच्या गटानं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘प्लॅनेट हेल्थ’ नावाचा उपक्रम केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा शाळा. त्यातल्या पाच उपक्रमाच्या आणि पाच नियंत्रित, ही विभागणी यादृच्छिक. १२९५ विद्यार्थी, दोन शालेय वर्षं. वेगळा तास घेतला नाही. गणित, विज्ञान, भाषा, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण यांच्या चालू तासांतच चार गोष्टी शिकवल्या : टीव्ही दिवसाला दोन तासांच्या आत, हालचाल जास्त, स्निग्ध पदार्थ कमी, फळं-भाज्या जास्त. मधे दोन आठवडे घरी टीव्ही कमी करण्याची मोहीमही घेतली.

टीव्हीचे तास मुलांचेही कमी झाले आणि मुलींचेही. पण लठ्ठपणाचं प्रमाण नियंत्रित शाळांच्या तुलनेत फक्त मुलींमध्ये घटलं. मुलांमध्ये फरक नाही. तसंच छापलं. आपल्याकडं अशा वेळी ‘मुलगे’ हे कोष्टक शेवटच्या परिशिष्टात कसं सरकवलं जातं ते तुम्ही पाहिलं असेलच.

आता तुम्ही समितीत बसलात असं समजा आणि या अभ्यासाला एक प्रश्न विचारा. चार गोष्टी एकदम बदलल्या, मग मुलींमधला फरक टीव्हीमुळंच कशावरून? त्यांनी दाखवलं की ज्या मुलींचा टीव्ही जितका कमी झाला, तितकं लठ्ठपणाचं प्रमाण घटलं. पण हा पुन्हा सहसंबंधच झाला की! प्रयोगाच्या पोटात लपलेला सहसंबंध. ज्या मुलीनं टीव्ही कमी केला तिनं वडापावही कमी केला असेल (तिथं वडापाव नव्हता, पण मुद्दा कळला).

ही गाठ थॉमस रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी सोडवली. सॅन होझे शहरातल्या दोन प्राथमिक शाळा, तिसरी-चौथीची १९२ मुलं. एका शाळेत सहा महिन्यांत १८ पाठ, आणि सगळे फक्त टीव्ही, व्हिडिओ, व्हिडिओ गेम कमी करण्याबद्दल. आधी दहा दिवस पूर्ण बंद, मग आठवड्याला सात तासांचं ‘बजेट’. खाण्याबद्दल, व्यायामाबद्दल काही सांगितलं नाही. तरी त्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय दुसऱ्या शाळेच्या तुलनेत कमी वाढला. टीव्हीसमोर बसून होणारी जेवणंही घटली. आता ‘परिणाम’ म्हणा, खुशाल म्हणा. फक्त शाळा दोनच होत्या. चिठ्ठी टाकून विभागणी झाली ती शाळांची, मुलांची नाही, त्यामुळं एका अर्थानं न्यादर्श दोनाचाच. गोर्टमेकरकडं शाळा दहा पण औषधं चार, रॉबिन्सनकडं औषध एक पण शाळा दोन. पैसा आणि वेळ मोजकाच असतो, त्यामुळं कुठली उणीव पत्करायची हे ठरवावंच लागतं. आणि ते समितीनं विचारण्याआधी तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

इथवर आपण धरून चाललोय की टीव्हीचे तास मोजता येतात. येतात का?

‘तू रोज किती तास टीव्ही पाहतोस?’ या प्रश्नाला सातवीतला मुलगा काय उत्तर देणार? शाळेत, शिक्षक समोर असताना, तो ‘एक तास’ लिहिणार. डॅनियल अँडरसन यांच्या गटानं १९८५ मध्ये पाच वर्षांच्या मुलांच्या घरी कॅमेरे लावून हे तपासलं. पालकांनी रोजच्या रोज भरलेली नोंदवही कॅमेऱ्याशी चांगली जुळली, पण ‘साधारण किती तास?’ या एकरकमी अंदाजाची जुळणी बरीच कच्ची होती. आपले बहुतेक प्रबंध त्या एकरकमी अंदाजावर उभे आहेत.

आपल्या घरांत आणखी गुंता आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ रिमोट आईकडं किंवा आजीकडं असतो. मुलगा त्याच खोलीत पाटी-पुस्तक घेऊन बसलाय, मालिका चालू आहे, त्याचे कान तिकडं. हे टीव्ही पाहणं की अभ्यास? आयपीएलच्या महिन्यात घेतलेली माहिती आणि सहामाहीच्या आठवड्यात घेतलेली माहिती एक कशी मानायची? तीच मालिका दुसऱ्या दिवशी फोनवर तुकड्यातुकड्यानं बघितली, तर ती कुठल्या रकान्यात? आणि २०२० साली जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागायची, तेव्हा शाळाच टीव्हीवर भरत होती. त्या वर्षाचे ‘तास’ कुणी सरसकट मोजले तर सगळ्यात मन लावून शिकणारं पोर सगळ्यात वाईट गटात जाऊन बसेल. तासांपेक्षा काय पाहिलं, कुणासोबत पाहिलं आणि त्या वेळात नाहीतर काय केलं असतं, हे तीन प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात.

“पण आमच्याकडं ना कॅमेरे, ना दहा शाळा, ना निधी.” खरंय. तुमच्या हातात काय आहे ते बघू.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शीर्षक बदला. ‘परिणाम’ काढून ‘संबंध’ लिहा. यात कमीपणा काही नाही. त्याबरोबर घरची परिस्थिती आणि मुख्य म्हणजे आधीचे गुण नोंदवा. सातवीतला टीव्ही आणि सातवीतले गुण यांची तुलना करण्यापेक्षा पाचवीचे गुण हाताशी ठेवून सातवीतला बदल बघा. शाळेच्या निकालपत्रकांत ते पडलेले असतात, मुख्याध्यापकांची परवानगी लागते. आपली ती अडखळत वाचणारी मुलगी पाचवीतही अडखळत होती, हे निदान दिसेल तरी.

दुसरं, आसपास नैसर्गिक प्रयोग शोधा, पण तपासून घ्या. अनेकांना भारनियमन आठवतं : काही भागांत ऐन संध्याकाळी वीज जायची, काही भागांत नाही, आणि वेळापत्रक मुलांच्या हुशारीवर ठरत नव्हतं. छान वाटतं ना? पण वीज गेली की टीव्हीबरोबर दिवाही जातो आणि पंखाही. गुण घसरले तर कशामुळं, आणि वाढले तर कशामुळं, काहीच सांगता येणार नाही. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा जास्त आशादायक आहेत. समजा, एका शाळेत सातवीपर्यंत दुपारचं सत्र आणि आठवीला सकाळचं, तर शेजारच्या शाळेत दोन्ही वर्षं सकाळचंच. सातवी ते आठवी दोन्हीकडच्या मुलांत जो बदल झाला, त्याची वजाबाकी करा. वय वाढल्यामुळं झालेला बदल दोन्हीकडं सारखा धरला तर उरतो तो सत्राचा. झोपही बदलते, शिकवणीची वेळही बदलते, त्यामुळं हा निव्वळ टीव्हीचा परिणाम नाहीच. पण सत्र बदलल्यावर मुलांची संध्याकाळ कशी बदलते, हा प्रश्न मला ‘टीव्हीचा परिणाम’पेक्षा जास्त सच्चा वाटतो, आणि तो इथला आहे.

तिसरं, छोटा प्रयोग. चार शाळा मिळाल्या तर चिठ्ठ्या टाकून दोन निवडा. टीव्ही बंद करा असं सांगू नका, ‘जेवताना टीव्ही नाही’ एवढी एकच गोष्ट सहा आठवडे. पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलाला स्वतःलाही विचारा. ‘नाही’ म्हणण्याची त्याला मोकळीक हवी. नियंत्रित शाळांना अभ्यास संपल्यावर तोच उपक्रम द्या. चार शाळांत सार्थक काही निघणार नाही, हे आराखड्यातच लिहा आणि हा प्राथमिक अभ्यास आहे असं म्हणा.

यातलं काहीही निवडलंत तरी नोंदवही लागेलच, म्हणून तिची चाचणी या आठवड्यातच घ्या. ओळखीची पाच मुलं पुरेत. सात दिवस, त्यात एक रविवार हवाच. दुपारी दोन ते रात्री अकरा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी. रकाने चारच : टीव्ही चालू होता का, काय लागलं होतं, शेजारी कोण होतं, हातात दुसरं काय काम होतं. मुलांकडून भरून घ्या आणि शेवटच्या दिवशी त्यांनाच जुना प्रश्न तोंडी विचारा, ‘साधारण रोज किती तास बघतोस?’ दोन्ही आकडे शेजारी लिहून आराखड्याच्या पहिल्या मसुद्यासोबत मार्गदर्शकांना दाखवा.